व्याहीबुवांची डावी किक

माझ्या मधुरिमाचे सासरे, रामचंद्रराव निकम, मूळचे विट्याकडचे. उमेदीची सगळी वर्षं एअर फोर्समध्ये विमानांची इंजिनं उघडण्यात आणि मिटण्यात गेली. शेवटची बदली चंदिगडला झाली, आणि निवृत्त झाल्यावर ते इथेच मनीमाजऱ्यात घर घेऊन राहिले. गावी का परतला नाहीत, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाले, "विहीणबाई, तीन फटफट्या घेऊन एवढ्या लांब कोण जाणार?"

मला वाटलं चेष्टा करतात. चेष्टा नव्हती.

मधुरिमाचे वडील गेले त्या वर्षी लेकीने मला थंडीपुरती म्हणून इथे आणली. ती कोणती थंडी, हे आता कोणी विचारत नाही. लेकीच्या घरी राहायचं, त्यात व्याही घरात, म्हणजे पहिले दिवस पदर सावरू का ताट, अशी माझी गत. व्याहीबुवांनी ते ओळखलं. एका सकाळी म्हणाले, "विहीणबाई, या घरात मानपान फक्त बीएसएचा. बाकी आपण सगळी साधी माणसं. चला, ओळख करून देतो."

मागच्या अंगणात पत्र्याची शेड. आत तीन धुडं उभी. एक मॅचलेस, एक जुनी बुलेट, आणि पुढे दाराशी ती बीएसए. हिरवी, लढाईच्या काळातली, लष्कराच्या लिलावातून आणलेली. आणली तेव्हा म्हणे तिच्या टाकीत मुंग्यांचं वारूळ होतं. मी आपला नमस्कार केला. काय करायचं असतं ते मला ठाऊक नव्हतं. व्याहीबुवा खूश झाले.

त्यांची एक रीत आहे. जुनी गाडी घरी आली की त्या दिवशी तिला पाना लावायचा नाही. नुसती पुसायची आणि शेडमध्ये उभी करायची. "पाहुणी आली की आधी पाणी देतो आपण. लगेच काय पदर ओढतो काय?" असं म्हणतात. मग इंजिनाचं झाकण उघडायचं झालं की पुठ्ठ्यावर त्या झाकणाचं चित्र काढतात आणि निघेल तो स्क्रू चित्रातल्या त्याच जागी टोचून ठेवतात. घरात मिठाईचा रिकामा खोका कधी सापडत नाही, कारण प्रत्येकाच्या पाठीवर कुठल्या ना कुठल्या इंजिनाचं पोट काढलेलं असतं. माझ्या लोणच्याच्या दोन बरण्याही अशाच गेल्या. लिंबाचं लोणचं म्हणून झाकण उघडलं तर रॉकेलात बुडवलेले वॉशर निघाले.

त्यांची बायको, आमच्या सरलाताई, मी येण्याआधीच गेल्या. त्यांनी म्हणे या गाड्यांबद्दल कधी तक्रार केली नाही. मॅचलेसच्या सीटवर ऊन चांगलं येतं म्हणून त्या तिथे पापड वाळत घालायच्या. व्याहीबुवा पापड निघेपर्यंत गाडीला हात लावायचे नाहीत. अजूनही त्या सीटवर ते पाना ठेवत नाहीत, फडकं ठेवत नाहीत.

आता खरी गोष्ट सांगते. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. नवीन सांधा बसवला. डॉक्टर तरुण पोरगा, चांगला होता. सगळं समजावून सांगितलं. चाला म्हणाला, जिने चढा म्हणाला, सहा महिन्यांनी गाडीवर बसायलाही हरकत नाही म्हणाला. "बस, अंकल, इस पैर से किक नहीं मारनी. कभी नहीं."

घरी आल्यावर व्याहीबुवा चहाचा कप हातात घेऊन म्हणाले, "विहीणबाई, तिघीही उजव्या पायाच्या आहेत."

मला काही कळेना. मग मधुरिमाने सांगितलं. या जुन्या गाड्यांना बटण नसतं, लाथ मारून चालू करायच्या, आणि ती लाथेची दांडी उजव्या बाजूला असते. त्यातून बीएसएचं इंजिन दांडगं. चुकीच्या वेळी लाथ बसली तर ती उलट लाथ मारते. नव्या गुडघ्याला ती एक बसली की संपलं.

"मग डाव्या पायाने मारा की," मी म्हटलं.

व्याहीबुवांनी शेडमध्ये जाऊन तेही करून पाहिलं. गाडीच्या उजव्या बाजूला उभं राहून डावा पाय उचलला, तर अंगाचा सगळा भार उजव्या गुडघ्यावर आला. मधुरिमाने धरलं म्हणून, नाहीतर बीएसएच्याच गळ्यात पडले असते.

आमचे जावई अंशुमन मोहालीत कंपनीत आहेत. जन्म छावणीतला, शाळा हिंदीतली. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. ते म्हणाले, "पापा, सेल्फ-स्टार्ट लगवा देते हैं. बटन दबाओ और चलो."

व्याहीबुवांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं काही पोराने देवघरात कुलर बसवायचं काढलं.

कोणी म्हणेल, दुसऱ्याने किक मारून दिली तर काय बिघडलं? बिघडतं. इथे जुन्या गाडीवाल्यांचं एक टोळकं आहे. सगळे म्हातारे, बहुतेक फौजेतले नाहीतर कारखानदारीतले. फेब्रुवारीत धुकं सरलं की एका रविवारी सगळे आपापल्या गाड्या घेऊन इंडस्ट्रियल एरियातून निघतात, सुखना तळ्यापर्यंत जातात आणि परत येतात. त्यांचा एकच कायदा. ज्याची गाडी त्याने स्वतः चालू करायची. दुसऱ्याने हात, पाय, बोट काही लावायचं नाही. चालू झाली नाही तर ती टेम्पोत घालून घरी न्यायची आणि पुढच्या वेळी सगळ्यांना पराठे खाऊ घालायचे. हा कायदा लिहिलेला कुठे नाही, पण मोडलेलाही कोणी नाही. व्याहीबुवा चंदिगडला आल्यापासून त्यांची फेरी एकदाही चुकली नव्हती. सरलाताई गेल्या त्या वर्षीसुद्धा गेले होते. पराठे खाल्ले नाहीत म्हणे, पण गेले होते.

दिवाळी झाली आणि एके दिवशी जेवताना ते म्हणाले, "यंदाच्या फेरीला मी नसेन, तर शेड रिकामी करा. गाड्या चांगल्या घरी देऊ. सूनबाई, तुला लिंबाची झाडं लावायची होती ना? लाव तिथे."

मधुरिमाने पोळी तव्यावर टाकली ती तिथेच करपली. लिंबाचं ती कितीतरी वर्षं बोलत होती, पण असं मिळालेलं लिंबू कोणाला हवं? त्या दिवसापासून व्याहीबुवा शेडमध्ये जाईनासे झाले. पुढच्या अंगणात उन्हात बसून पेपर वाचायचे. एकच पान सकाळपासून दुपारपर्यंत.

अशात बलकारसिंग आले. हे व्याहीबुवांचे सगळ्यात जुने मित्र, आणि फटफटीच्या बाबतीत सगळ्यात जुने वैरी. इंडस्ट्रियल एरियात त्यांचं लेथचं वर्कशॉप आहे. ते जावाचे भक्त. जावा म्हणजे दुसरी एक जुनी फटफटी. तिचा आवाज वेगळा, धूर वेगळा, आणि मुख्य म्हणजे तिची किक डाव्या बाजूला. एकच दांडी, तिलाच लाथ मारायची आणि तीच मग पुढे फिरवून गिअर बदलायचे. व्याहीबुवांनी जन्मभर त्या दांडीची टिंगल केली. "पाजी, उसको मोटरसाइकल मत बोलो. सिलाई मशीन है." त्यावर बलकारसिंग म्हणायचे, "निकम साब, तेरी बीएसए को स्टार्ट करने में आदमी बूढ़ा हो जाता है." हे भांडण मी स्वतः इतक्या वेळा ऐकलंय की मधले शब्द मीच पुरवू शकेन.

त्या दिवशी बलकारसिंगांच्या टेम्पोत तीन पोती होती. पोत्यांत एक जावा होती, सुटी केलेली, अर्धी गंजलेली.

"भाई साहब की थी. बोरी में पड़ी है कब से. तू जोड़ दे, चलाऊँगा मैं," बलकारसिंग म्हणाले.

"मैं? सिलाई मशीन? दर्जी के पास ले जा."

"नहीं होता तो बोल दे नहीं होता. घुटना गया है, समझ सकता हूँ हाथ भी गए होंगे."

व्याहीबुवा पेपर बाजूला ठेवून उठले. त्या दिवशी पोती नुसती शेडमध्ये नेऊन ठेवली, वरून पुसली. दुसऱ्या सकाळी मी बघते तर मिठाईचे खोके फाडणं चालू होतं.

डिसेंबर सरेपर्यंत ते काम चाललं. टाकी मरून रंगाची झाली. चाकांच्या तारा ते एकेक करून ताणायचे, बोटाने वाजवून बघायचे आणि मान हलवायचे. कधीमधी शेडमधून बडबड ऐकू यायची, "काय डोकं चालवलंय, काय डोकं चालवलंय," आणि मी चहा घेऊन गेले की लगेच, "फालतू गाडी आहे, विहीणबाई. एकदम फालतू."

गाडी उभी राहिली. बलकारसिंगांना फोन गेला, घेऊन जा. ते म्हणाले, आज टाइम नाही. नंतर म्हणाले, उद्या टेम्पो पाठवतो. मग टेम्पो पंचर. मग मुनीम आजारी. मधुरिमा हसू दाबत मला म्हणाली, "आई, बलकार अंकलचा मुनीम कधीचाच कामावर नाहीये गं." मला कळलं, तिला कळलं. व्याहीबुवांना कळलं नसेल असं कसं म्हणू? पण त्यांनी तोंडावर दाखवलं नाही. म्हणाले, "चालू करून तपासायला तर हवी. पाजी नंतर बोंब मारेल."

सीटवर बसले, उजवा पाय जमिनीवर टेकवला, डाव्या पायाने दांडी दाबली. एकदा, दोनदा, आणि गाडी बोलायला लागली. निळा धूर थेट स्वयंपाकघरात. व्याहीबुवांच्या चेहऱ्यावरचं हसू मी ऑपरेशननंतर पहिल्यांदा बघत होते. कोणी काही म्हणायच्या आत ते गल्लीत निघालेसुद्धा.

आणि इथे घोटाळा झाला. त्यांच्या तिन्ही गाड्यांना गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. या जावाला बरोब्बर उलटं. गल्लीत जरा वेग आला, त्यांनी गिअर बदलायला उजवा पाय दाबला. तो ब्रेक! गाडी गचकन थांबून बंद पडली. पुन्हा चालू केली. पुढे वळणावर गाय बसली होती. मनीमाजऱ्याच्या गायी उठत नसतात. व्याहीबुवांनी थांबायला डावा पाय दाबला. तो गिअर! गाडी काही थांबेना, गाय काही उठेना, म्हणून त्यांनी हँडल वळवलं आणि भाजीवाल्याच्या रेहडीत, म्हणजे हातगाडीत, घुसले.

लागलं कोणाला नाही. मुळ्यांचा ढीग होता, त्यात रुतले. भाजीवाला ओरडत होता, "बाऊजी, ब्रेक मारो! ब्रेक!" आणि व्याहीबुवा मुळ्यांतून त्याला सांगत होते, "मारा तो है!" तो सगळा मुळा आम्हाला घ्यावा लागला. आठवडाभर मुळ्याचे पराठे, मुळ्याची भाजी, मुळ्याची कोशिंबीर. घरात तोंड उघडून बोलायची सोय राहिली नाही.

संध्याकाळी अंशुमन चिडले. "पापा, बस हो गया. गोल चक्कर पे ऐसा किया तो? वहाँ मूली नहीं होती, वहाँ बस होती है."

खरंच होतं ते. चंदिगडात चौकाचौकाला गोल, आणि प्रत्येक गोलाला थांबायचं, वाट बघायची, निघायचं. व्याहीबुवा मला नंतर म्हणाले, "डोक्याला कळतं हो, विहीणबाई. पायांना कळत नाही. पायांचं वय झालं." फेरीला महिनाभर उरला होता.

मी लहानपणी डावखुरी. डाव्या हाताने जेवायची. लग्न होऊन आले तर सासूबाईंनी मारलं नाही की रागावल्या नाहीत. फक्त ताटाशेजारी बसायच्या आणि मी डावा हात उचलला की एकच शब्द, "हात!" दुसरं काही नाही. पाडव्याला सुरू केलं आणि आखाडात माझा हात बदलला. तेव्हा पायाचं काय मोठंसं?

जानेवारीत इथे मटार येतो. पोती भरून, गोड. घरोघरी सोलतात आणि फ्रीजमध्ये साठवतात. मी उन्हात मटार घेऊन बसले, समोर खुर्चीत व्याहीबुवांना बसवलं. डाव्या पायाखाली पाट, तो गिअर. उजव्या पायाखाली घडी केलेलं पोतं, तो ब्रेक. "मी शब्द टाकीन, तुम्ही पाय टाका. चुकलात की मूठभर शेंगा सोलायच्या."

"विहीणबाई, तुम्हाला फटफटीतलं काय कळतं?"

"काही नाही. गाय!"

त्यांनी डावा पाय दाबला. मी शेंगा पुढे सरकवल्या.

"मोकळा रस्ता! गोल! मोकळा! कुत्रं!"

स्वयंपाकघरातून मधुरिमा ओरडायची, "ट्रक! बाबा, ट्रक!" पहिले काही दिवस माझ्या हाताला काम राहिलं नाही. सगळा मटार व्याहीबुवांनीच सोलला, फ्रीजमध्ये जागा उरेना. वर त्यांची कटकट, "गाय फार वेळा येते तुमच्या रस्त्यात." "मनीमाजरा आहे," मी म्हणायची. मधे दोनदा म्हणाले, हा पोरखेळ झाला, उद्यापासून बसणार नाही. दुसऱ्या दिवशी मीच उशीर केला तर खुर्ची उन्हात मांडलेली आणि पाट जागेवर.

हळूहळू शेंगा माझ्याकडे यायला लागल्या. एकदा जेवताना मधुरिमाच्या हातून पाण्याचा तांब्या निसटला, तर टेबलाखाली व्याहीबुवांचा उजवा पाय आपटला. अंशुमननी खाली वाकून पाहिलं. दुसऱ्या दिवशी ते ऑफिसला उशिरा गेले आणि सकाळी गल्लीत गाडीच्या मागे स्वतः पळाले.

फेरीचा रविवार उजाडला. बलकारसिंगांच्या वर्कशॉपसमोर सगळे म्हातारे जमले होते. बलकारसिंग आपल्या दुसऱ्या जावावर. व्याहीबुवांना मरून जावावर बघून एकजण म्हणाला, "निकम साब, धर्म बदल लिया?"

"पैर बदला है जी, धर्म नहीं," व्याहीबुवा म्हणाले. सगळे हसले. मग कायद्याची वेळ आली.

एकेकाने गाडी चालू केली. व्याहीबुवांची पाळी आली. पहिली किक, काही नाही. दुसरी, काही नाही. मी मधुरिमाचा हात धरला. बलकारसिंग समोर उभे होते, दाढी चावत, हात पाठीमागे बांधून. त्यांच्या गाडीचं दुखणं-खुपणं त्यांना नक्की कळत असणार, पण बोलायची सोय नाही. व्याहीबुवा थांबले. टाकीला हात लावला, खाली वाकून पेट्रोलची तोटी बघितली. बंद होती! घाईत उघडलीच नव्हती. उघडली, दम घेतला, तिसरी किक, आणि गाडी धुरासकट बोलली. बलकारसिंग मोठ्याने ओरडले, "मूली का असर है!" मुळ्याची गोष्ट त्यांना कोणी सांगितली ते मी विचारलं नाही.

आम्ही अंशुमनच्या गाडीतून मागे. मध्य मार्ग नावाच्या हमरस्त्यावर पहिला गोल आला, व्याहीबुवा थांबले, निघाले. दुसरा गोल. तिथे एक सायकलवाला उजवीकडून सरळ आडवा घुसला, मान वर न करता. अंशुमन ओरडले, "पापा, राइट! राइट!" काच बंद, त्यांना काय ऐकू जाणार? मी डोळे मिटले नाहीत, पण माझा पाय गाडीच्या तळाला टेकला. व्याहीबुवांचा उजवा पाय खाली गेला. जावा थांबली. सायकलवाला चाकासमोरून निघून गेला, त्याला पत्ताही नाही.

अंशुमननी स्टिअरिंगवरचा हात काढून डोळे पुसले. मग मराठीत म्हणाले, "जमलं." लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांच्या तोंडून मी मराठीत ऐकलेला तो पहिला शब्द.

तळ्यावर पोचल्यावर व्याहीबुवा खाली उतरले, हातमोजे काढले आणि दोन्ही पाय झटकले. बलकारसिंग म्हणाले, "चल निकम साब, अब दे मेरी गाड़ी. कल टेम्पो भेजता हूँ."

"पाजी, शेड को ताला लगा दिया है."

"चाबी?"

"विहीणबाई से पूछ."

माझ्याकडे कसली चावी? पण मी मान हलवली, नाही म्हणून. बलकारसिंगांनी मला हात जोडले आणि पोट धरून हसले. टेम्पोचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

घरी आल्यावर व्याहीबुवांनी मरून गाडी शेडमध्ये दाराशी लावली आणि बीएसए भिंतीकडे सरकवली. मधुरिमा बाजूला उभी होती. "लिंबाचं काय करायचं, सूनबाई?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "गच्चीवर कुंडीत लावीन." मग बीएसएच्या टाकीवर हात ठेवून, "बाबा, हिला नुसता उजवाच पाय लागतो ना? माझा आहे की."

व्याहीबुवांनी तिच्या पायांकडे पाहिलं. "चपलेने नाही. बूट घालून ये. आणि लाथ मारायची नाही, वजन सोडायचं. आधी हलकेच दाबून बघायचं, ती कुठे अडते ते."

बीएसए अजून तिला वश झालेली नाही. एकदा उलट लाथ बसली, पोटरी काळीनिळी झाली. पण ऑफिसातून आली की ती बूट घालून मागे जाते, व्याहीबुवा खुर्ची घेऊन शेजारी बसतात, आणि मी चहा जरा उशिराच टाकते.